गाढवीला घातलेला गूळ

आमच्या घरात गाढवं होती, हे मी सासरी कितीतरी वर्षं कुणाला सांगितलं नाही. नवऱ्याला आणि सासूला माहीत होतं, ते लपण्यासारखं नव्हतंच. पण दौंडच्या रेल्वे क्वार्टरमधल्या शेजारणी विचारायच्या, वडील काय करतात गं तुझे? मी म्हणायची, विटांचा धंदा आहे. खोटं नव्हतं ते. वडगाव रासाईला भीमेच्या काठाला आमची वीटभट्टी होती. फक्त भट्टीवरची वीट रस्त्यापर्यंत आणायला आमच्याकडे ट्रॅक्टर नव्हता, नऊ गाढवं होती. तेवढं मी गाळायची.

शाळेत सोसलं होतं ना. मास्तर कुणाला गणित आलं नाही की 'गाढवा' म्हणायचे आणि सगळा वर्ग वळून माझ्याकडे बघायचा. फळ्यावर म्हणी लिहून द्यायचे, त्यात गाढवाची एक तरी असायचीच. 'गाढवाला गुळाची चव काय?' ही म्हण मला वहीत पाच वेळा लिहायला लावली होती, अक्षर वाईट म्हणून. मी रडत लिहिली. मला वाटायचं, गाढवाला चव कशी कळणार, त्याला कुणी मेल्यानं गूळ घातलाय का कधी?

आबांनीही घातला नव्हता. आबा म्हणजे माझे वडील. माझा त्यांच्यावरचा सगळ्यात जुना राग तोच. शेजाऱ्यांच्या बैलांना पेंड, सरकी, पोळ्याला झूल आणि पुरणपोळी. आमची गाढवं दिवसभर विटा वाहायची आणि संध्याकाळी आबा त्यांचे पुढचे दोन पाय सुंभानं आखूड बांधून त्यांना बांधावर नाहीतर उकिरड्यावर सोडून द्यायचे. जे मिळेल ते खा. फार तर ज्वारीचा वाळका कडबा, गव्हाचं काड. मी विचारलं की म्हणायचे, गाढवाचं पोट वाळक्यावरच चालतं. मला ते कंजूषपणाचं बोलणं वाटायचं. बैलांना नावं असायची, आमच्या गाढवांना तीही नव्हती.

बाकी सगळं मात्र आबा निगुतीनं करायचे, हे आता कळतं. महिन्या-दीड महिन्यानं एकेकाचा पाय मांडीवर घेऊन पटाशीनं खूर तासायचे. पाठीला घासलं की हळद आणि कडुनिंबाचं तेल. पाऊस आला की स्वतः भिजत गाढवांना भट्टीच्या छपराखाली घ्यायचे. म्हशीला पावसाचं काही नसतं, गाढवाच्या केसातनं पाणी पार कातडीला जातं आणि ते गारठून मरतं, असं त्यांचं म्हणणं. पाणी पाजायला नदीच्या वरच्या अंगाला न्यायचे, कारण गाढव उकिरड्यात तोंड घालील पण पाणी नितळच पिईल. हे सगळं मी बघत मोठी झाले आणि यातलं एक अक्षर शिकले नाही. लाज वाटायची, दुसरं काय.

नव्वदच्या दशकाच्या मध्याला ती बुटकी जन्मली. गाढवी होती, पण वाढलीच नाही. दोन वर्षांची झाली तरी आबांच्या कमरेलाही पोचेना. ओझं टाकायचा प्रश्नच नव्हता. बाकीच्यांच्या नाकपुड्या आबांनी वर चिरलेल्या होत्या, ओझ्याखाली दम चांगला लागतो म्हणून. आमच्यात ती रीतच होती, कुणी विचार करत नव्हतं. हिच्या नाकाला सुरी लागली नाही. पुढं ट्रॅक्टर आले, भट्ट्याही मोठ्या लोकांच्या झाल्या, आणि भावानं सगळी गाढवं जेजुरीच्या बाजारात नेऊन विकली. ही तेवढी परत आली. व्यापारी म्हणाले, शेळी हाय का गाढव हाय, आधी ठरवा आन् मग आणा.

दोन हजार सालानंतर आबांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली. तोंड वाकडं झालं, बोलणं थोड्या दिवसांनी जड का होईना पण परत आलं. भाऊ तोवर रांजणगावच्या एका कंपनीत लागला होता, शिफ्टची नोकरी, बायको-पोरं तिकडंच. आई आधीच गेलेली. मग मी आले. नवरा म्हणाला, जा, मी रविवारी येत जाईन. कधी तो यायचा, कधी मी दौंडला जायची.

शिरूरच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की म्हाताऱ्याला हिंडतं ठेवा. रोज थोडं चालले तर राहतील. खाटेला लागले की संपलं म्हणून समजा. मी तेवढं गाठीला बांधलं. काठी आणून दिली. पण काठी धरायची डाव्या हातात, उजवा पाय ओढत यायचा, आणि आमची काळी माती. दोनदा पडले. तिसऱ्यांदा काठी भिरकावून दिली आणि भिंतीकडं तोंड करून पडून राहिले. मी ओरडले त्यांच्यावर. आजारी माणसावर ओरडू नये, पण मला राग आला की मी थांबत नाही.

त्यानंतर चारेक दिवसांनी सकाळी मी चुलीपुढं होते. खाटेवर आबा नव्हते. बाहेर येऊन बघते तर अंगणाच्या पार टोकाला. भिंत धरत धरत दारात गेले असतील, दारात ती बुटकी नेहमीसारखी उभी असणार. डावा हात तिच्या पाठीवर टाकलेला. तिची पाठ बरोबर त्यांच्या हाताला येत होती, ना वर ना खाली. ते एक पाऊल टाकायचे, ती एक टाकायची. ते थांबले की ती थांबायची. कुणी शिकवलं नव्हतं तिला. मी तिथंच दारात बसून रडले, आनंदानं.

मग ते रोजचंच झालं. सकाळी रासाईच्या देवळापर्यंत, परत. गावातली पोरं हसायची, आबांच्या वयाचे म्हातारे म्हणायचे, गड्या, नवी गाडी झ्याक हाय की. आबा हसायचे, तोंडाच्या एका बाजूनं. पावसाळ्यात मी तिला घरातच घेतलं, पडवीत. सहा महिन्यांत आबांचा पाय एवढा सुधारला की डॉक्टर तपासून म्हणाले, काय औषध घेता? मी सांगितलं, गाढव. त्यांना वाटलं मी थट्टा करतेय.

आता आबांचा जीव कुणात होता सांगा. ती गाढवी आहे तर माझा बाप चालतो. ती नाही तर खाट. हे मला कळत होतं, रोज सकाळी डोळ्यांनी दिसत होतं. म्हणून मी ठरवलं की हिला काही कमी पडू द्यायचं नाही. जन्मभर आमच्या घरानं गाढवांना उकिरडा दाखवला, ही एक तरी मी राणीसारखी ठेवीन.

नदीच्या पलीकडं दौंड तालुका, सगळा उसाचा आणि गुऱ्हाळांचा. एका गुऱ्हाळवाल्याची बायको माझी शाळेतली मैत्रीण. दौंडवरून येताना मी तिच्याकडं उतरायची. तिथले भय्ये कढईच्या कडेचा करपलेला, फुटलेला गूळ बाजूला ठेवायचे, तो मी पिशवी भरून आणायची. काकवीचा डबा आणायची. वाटेत कुणाच्या ऊसतोडीचं, शेंड्याचं हिरवं वाढं मिळालं की तेही. भय्ये हसायचे, दीदी, गधे को गुड़ खिलाती हो? मी म्हणायची, व्हय, खिलाती हूँ, तुम्हाला काय करायचंय?

आणि तिला चव कळायची हो. चांगली कळायची. मी कोपऱ्यावर वळले की तिला वास जायचा, आणि अशी ओरडायची की अर्ध्या गावाला कळावं, मी आले. तळहातावरचा गूळ ओठांनी अलगद उचलायची, दात लागू द्यायची नाही. मला त्या मास्तरांना आणून दाखवावंसं वाटायचं. उरलेल्या पोळ्या काकवीत कालवून द्यायची. बाजरीची भिजवलेली कणी द्यायची. कडब्याकडं मग ती बघेना, मीही आणायचा सोडला.

आबा एक दिवस म्हणाले, "गोड घालू नगं तिला. वाळकं घाल."

मी म्हणाले, "आबा, तुम्ही जन्मभर वाळकंच घातलंत सगळ्यांना. आता हिला तरी सुखानं खाऊ द्या."

ते गप्प बसले. त्यांच्या त्या गप्प बसण्यात मला माझा विजय वाटला. खरं सांगते, त्या दिवशी मी तिला गूळ मूठभर जास्तच घातला.

ती भरली. बरगडी दिसेना. मानेवर आयाळीखाली चरबीचा असा वळ चढला की मान एका बाजूला कलायला लागली. बाया कौतुक करायच्या, काय गुटगुटीत ठेवलीय गं, माणसाच्या लेकरासारखी. मी फुगायची. खुरांकडं मात्र कुणाचं लक्ष नव्हतं. आबांना आता पाय मांडीवर घेता येत नव्हता. भाऊ म्हणायचा, पुढच्या सुट्टीला करतो. गावातल्या सुताराला विचारलं, तर तो म्हणाला, लाकूड तासतो ताई, गाढवाचे पाय न्हाई. मी एकदा पटाशी घेतली, तिनं पाय झटकला, मी भिऊन सोडून दिलं. खूर पुढून वाढून जुन्या चपलेसारखे वाकडे झाले. खायला घालण्यात प्रेम असतं असं मला वाटायचं, खूर तासण्यात काय असतं ते कळलं नव्हतं.

दिवाळीच्या आधी आबा फिरून लवकर यायला लागले. मी विचारलं, दमता का? म्हणाले, मी न्हाई, ती थांबती. हिचा पाय दुखतोय. त्यांच्या हाताला कळलं होतं ते, माझ्या डोळ्याला दिसत नव्हतं. बैल लंगडतो, म्हैस ओरडते, गाढव काही सांगत नाही. खात तर होती चांगली. मला वाटलं, अशक्तपणा आला असेल. मी गूळ वाढवला.

एका सकाळी ती अंगणात पुढचे पाय पुढं ताणून, सगळा भार मागं टाकून उभी राहिली आणि हलेना. आबा तिच्या पाठीवर हात ठेवून तसेच उभे. मी म्हटलं, चला आत. तर म्हणाले, थांब, निघंल ती. मी भांडी घासून आले तरी दोघं तिथंच होते. शेवटी मी आबांना धरून आत आणलं.

शेजारचे चुलते विळा तापवायला निघाले होते, खांद्याला डाग दिला की जनावर मोकळं होतं म्हणून. त्यांना मी अंगणातून हाकललं. या सगळ्यात मी एवढी एकच गोष्ट बरोबर केली. दुसऱ्या दिवशी शिरूरहून जनावरांचे डॉक्टर मोटारसायकलवर आले. तरुण होते. म्हणाले, गाढव तपासायला मला क्वचितच कुणी बोलावतं, लोक म्हशीसाठी बोलावतात. त्यांनी तिच्या खुराला हात लावला आणि माझा हात धरून तिथं ठेवला. खूर तव्यासारखा तापलेला होता. मग विचारलं, खायला काय घालता?

मी सांगितलं. सांगताना पहिल्या दोन वाक्यांत अजून ऐट होती, मग त्यांचा चेहरा बघून उतरली. ते म्हणाले, बाई, हे जनावर कोरड्या मुलखातलं. त्याला गोड आणि हिरवं म्हणजे विष. खुराच्या आतलं मांस सुजलंय, नखाखाली ठेच लागल्यासारखं चारी पायांना. गोड कमी करा, भुसा आणि कडबा सुरू करा, पण हळूहळू. पाय गार पाण्यात ठेवा, खूर थोडे थोडे तासा. जाताना गाडीला किक मारून परत एकदा म्हणाले, हळूहळू हं.

मी खाटेवर बसलेल्या आबांकडं बघू शकले नाही. वाळकं घाल, हे त्यांनी मला सांगितलं होतं की नाही? सांगितलं होतं. अडाणी म्हातारा बोलला होता, आणि दहावी शिकलेल्या मुलीनं त्याला गप्प केलं होतं.

मग मी पटाशी घेतली. तिचा पाय मांडीवर घेऊन बसले, आबांची खाट शेजारी ओढून. चुलते दारातून म्हणाले, अडला हरी गाढवाचे पाय धरी. म्हणू दे. आबा डाव्या हाताचं बोट दाखवून सांगायचे, एवढंच, आता थांब, म्होरं रक्त हाय. तिनं एकदाही पाय झटकला नाही, झटकायला दुसऱ्या पायांत जोर हवा ना. चार दिवस आम्ही रोज एकेक खूर तासला. आयुष्यात पहिल्यांदा मी बापाच्या हाताखाली काम केलं, आणि तो म्हणाला, जमतंय तुला. मला वाटलं, वाचली.

पण मी तोवर दुसरी चूक करून बसले होते. डॉक्टर गेले त्याच संध्याकाळी मी सगळा गूळ, काकवी, कणी उचलून नदीत फेकून आले. हळूहळू म्हणाले होते, ऐकलं होतं मी. पण माझा स्वभावच असा आहे, घालायचं तर पोतं आणि थांबवायचं तर एका झटक्यात. मला त्या गुळाकडं बघवत नव्हतं. तिला मूठभर भुसा टाकायची आणि म्हणायची, खा, आता हेच. तिला तो आवडेना. मला वाटलं, भूक लागेल तेव्हा खाईल.

तिनं खाल्लंच नाही. पाचव्या दिवशी मान खाली घालून उभी राहिली, तोंडाला घाण वास यायला लागला. मी घाबरून शेजारणीकडून गुळाचा खडा मागून आणला, तळहातावर धरला. तिनं तोंड फिरवलं.

डॉक्टर पुन्हा आले. सलाईन लावलं. मला ओरडले नाहीत, हळू आवाजात सांगितलं की लठ्ठ गाढव एकदम उपाशी राहिलं की अंगातली चरबी रक्तात उतरते आणि यकृत बसतं, म्हणून तर हळूहळू म्हटलं होतं. अति तिथं माती, हीही म्हण मास्तरांनी फळ्यावर लिहून दिली होती. खाऊ घालून तिचे पाय घेतले आणि न घालून जीव घेतला, दोन्ही मीच.

ती दुसऱ्या दिवशी दुपारी पडवीतच गेली. मेलेलं गाढव ट्रॅक्टरला दोर लावून ओढत नेतात, लांब टाकून येतात. आबांनी तसं करू दिलं नाही. भट्टीच्या जागेवर खड्डा घ्यायला लावला. खुर्चीत बसवून त्यांना तिथवर चौघांनी नेलं. माती लोटून झाल्यावर म्हणाले, चला घरी. एवढंच.

मला दोष दिला असता तर बरं झालं असतं. मी वाट बघत होते. त्यांनी शिवी दिली असती, तर मी पाय धरून रडले असते आणि मोकळी झाले असते. त्यांनी काही केलं नाही. मी माझा खांदा पुढं केला, आबा, मला धरा, चला देवळापर्यंत. दोन दिवस अंगणात आले, तेही माझं मन राखायला. हात वर उचलून धरायला लागायचा, दहा पावलांत खाली पडायचा. भावानं पुण्याहून चाकांचा वॉकर आणला, तो मातीत रुतला. मी एका बाजारात जाऊन आले, तसं बुटकं गाढव मिळतंय का बघायला. लोक हसले. पंधरा-वीस दिवसांनी एका सकाळी मी उठा म्हटलं तेव्हा ते म्हणाले, राहू दे आज. तो 'आज' मग संपला नाही.

खाटेला लागले तसे भराभर सुकायला लागले. माझी काळजी पुन्हा हातात उतरली. दूध, अंडी, खारकांची पूड. एक दिवस मी चांगला तूप सोडून शिरा केला, बेदाणे घातले, उशी लावून त्यांना बसवलं आणि चमचा तोंडाशी नेला. पहिला घास घेतला. दुसऱ्याला ओठ मिटले. मी म्हटलं, असं काय करता, अंगात जोर यायला नको का? चमचा ओठांना लावूनच धरला मी.

त्यांनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं आणि बाजूला केलं. रागानं नाही, अगदी सावकाश.

"तिला घातलंस तसं मला घालू नगं, बाय."

माझ्या हातातून ताटली खाली ठेवली गेली. ते माझ्याकडं बघत होते, त्यांना मला दुखवायचं नव्हतं, हे दिसत होतं. त्यांना फक्त भीती वाटत होती. माझ्या हातची.

मग मी विचारलं, काय देऊ? म्हणाले, अर्धी भाकरी. पुढं दोन वर्षं ते तसेच खाटेवर होते. मी रोज विचारायची, आबा, किती वाढू, आणि ते रोज अर्धीच सांगायचे. कोर न कोर मोजून मी तेवढीच वाढली.